खंडानंतर पुन्हा पळणं ते मुंबई फुल मॅरेथॉन : साताऱ्यातून २८ आठवड्यांची तयारी

अजिंक्यतारा_पायथा

"वर्षभर पळणं बंद होतं, जानेवारीत मुंबई फुल करायची आहे, कुठून सुरू करू?" हा प्रश्न दर पावसाळ्यात चार वेगवेगळ्या धाग्यांवर येतो आणि उत्तरं विखुरतात. म्हणून हा एकच धागा. समोर धरलेला पळणारा असा: आधी एक-दोन हाफ (२१ किमी) पूर्ण केलेला, ६ ते १२ महिन्यांचा खंड पडलेला, नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यात ४ दिवस देऊ शकणारा, राहायला साताऱ्यात. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, राहिलं असेल ते भरा.

मुंबई फुल (४२ किमी) जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर हातात साधारण २८ आठवडे येतात. तेवढे पुरतात, पण पहिल्या दोन महिन्यांत घाई करणाऱ्याला पुरत नाहीत.

दम लवकर जातो आणि लवकर परत येतो. नियमित पळणाऱ्याने पूर्ण थांबवलं तर ३ आठवड्यांत व्हीओटू मॅक्स (शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता) साधारण ७ टक्के उतरतं, ३ महिन्यांत १५-१६ टक्के. त्यातलं बरंच ६-८ आठवड्यांत भरून निघतं. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडांना मात्र नव्या भाराची सवय व्हायला ३-४ महिने लागतात. हाडावर भार वाढला की ते आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं, म्हणजे मधल्या काही आठवड्यांत ते उलट नाजूक असतं. नेमकं त्याच वेळी, चौथ्या ते आठव्या आठवड्यात, दम आलेला असतो, पाय हलके वाटतात आणि माणूस अंतर दुप्पट करतो. खंडानंतरच्या बहुतेक दुखापती या महिन्यातल्या आहेत.

पळायच्या आधी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. ४० मिनिटं भरभर चालून दुसऱ्या दिवशी कुठेही दुखत नाही. एका पायावर उभं राहून टाच उचलणं, प्रत्येक पायाला सलग २० वेळा. आणि एका पायावर जागच्या जागी १० उड्या, न दुखता. टाच उचलणं १२-१३ वरच अडत असेल तर अजून दोन आठवडे फक्त चालणं आणि तो व्यायाम.

त्यानंतर एक दिवसाआड, आठवड्यात ३ दिवस:

आठवडा १ : १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, १० वेळा
आठवडा २ : २ पळणं, २ चालणं, ८ वेळा
आठवडा ३ : ३ पळणं, १ चालणं, ८ वेळा
आठवडा ४ : ५ पळणं, १ चालणं, ६ वेळा
आठवडा ५ : १० पळणं, १ चालणं, ३ वेळा
आठवडा ६ : सलग ३० मिनिटं

वेग असा की पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करायचा, पुढे जायचं नाही.

माहुली_संगम

मांडणी पटली. दुखण्याचा नियमही इथेच लिहून ठेवू, कारण "थोडं दुखतंय, पळू का?" हे विचारलं जाणारच. शून्य ते दहाच्या मापात ३ पर्यंतचं दुखणं पळताना चालतं, अट अशी की पळत असताना ते वाढू नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीइतकं खाली यावं. सकाळी जिना उतरताना जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचा भार जास्त होता. पुढच्या वेळी २५-३० टक्के कमी करा.

नडगीचं वेगळं. आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात ठणकत असेल तर ती नेहमीची शिन स्प्लिंट, भार कमी करून सुटते. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही जाणवत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला गेलेली बारीक चीर) धरून चाला आणि पळणं त्या दिवशीच थांबवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पळायला परवानगी मिळाली असं समजू नका. एमआरआय लागतो.

घाटकरी

दादा, एक गोष्ट खटकली. यवतेश्वरचा घाट दाराशी असताना सहा आठवडे सपाटीवर चालणं-पळणं कशाला? चढावर पाय कमी आपटतात, वेग आपोआप कमी राहतो, दम लवकर तयार होतो. खंडानंतर चढासारखं सुरक्षित काही नाही. शिवाय सप्टेंबरात सातारा हिल (घाटातली २१ किमीची शर्यत) असते, तिची तयारी त्यातच होते.

पोटरी_टाच

घाटकरी, आपटण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. चढावर घोटा जास्त वाकतो आणि पोटरी व अकिलीस (टाचेमागच्या) टेंडनवर ताण वाढतो. उतारावर उलट. मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होताच ब्रेक लावतो, त्यात बारीक इजा होते आणि २४ ते ७२ तासांत मांड्या धरतात. गुडघ्याच्या वाटीवरचा दाबही उतारावरच वाढतो.

म्हणून आधी खंड कशामुळे पडला ते पाहायचं. टाच किंवा पोटरीमुळे पडला असेल तर पहिले १२ आठवडे चढ पळायचा नाही, चालायचा. गुडघ्यामुळे पडला असेल तर चढ हळू पळा, उतार चाला किंवा खाली यायला गाडीची सोय करा. दोन्ही असेल तर सपाटी, दुसरा पर्याय नाही. आणि साताऱ्यात अडचण अशी की घाट चढलात तर उतरावंच लागतं. लोक चढायचा हिशोब करतात, उतरायचा करत नाहीत.

अकिलीससाठी पायरीचा व्यायाम अजूनही सगळ्यात भरवशाचा. पायरीच्या कडेवर पुढचे पंजे, दोन्ही पायांवर वर जायचं, दुखऱ्या एकाच पायावर ३-४ सेकंद घेत टाच पायरीखाली न्यायची. १५ चे ३ संच गुडघा सरळ ठेवून, १५ चे ३ संच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं झालं की पाठीवर सॅक, सॅकेत ५ किलो तांदूळ. दुखणं टाचेच्या हाडाला चिकटून, अगदी तळाशी असेल तर टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. हा फरक न पाळल्याने पुष्कळांचं दुखणं चिघळतं.

अजिंक्यतारा_पायथा

घाटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या लोकांना मुंबईत घाट कमी पडत नाही, सपाटी कमी पडते. घाटात दर वळणावर उतार बदलतो, पावलाची लांबी बदलते, स्नायूंना आलटून पालटून विसावा मिळतो. मुंबईत ४-५ तास तेच पाऊल, तोच कोन, तोच डांबर किंवा काँक्रीट. घाटात मुरलेल्या पायालाही त्याची वेगळी सवय लावावी लागते.

तरी घाट टाकून द्यायचा नाही. नवव्या आठवड्यापासून आठवड्यात एकदा, ४५ सेकंदांचा चढ ६ वेळा, प्रत्येक वेळी चालत खाली. सोळाव्यापासून उतारही थोडा थोडा पळायचा, आधी ५०० मीटर, मग १ किमी, पावलं लहान आणि जलद. उताराची एक मात्रा मिळाली की स्नायू पुढचे काही आठवडे तशाच माराला कमी दुखतात, आणि त्याचा फायदा मुंबईत ३० किमीनंतर मिळतो. परतीला ३५ किमीच्या पुढे पेडर रोडचा चढ आहे. चढ मोठा नाही, यवतेश्वरपुढे काहीच नाही, पण त्यानंतरच्या उतारावर मांड्या बोलतात. शेवटचा जोरकस उतार शर्यतीच्या किमान ३ आठवडे आधी.

सातारा हिल साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यात येते. तेव्हा तुमचा लाँग रन (आठवड्यातला सगळ्यात लांब रन) १२ किमीवर असणार. त्यावर २१ किमी, त्यातला निम्मा उतार, हे जमत नाही. नोंदणी झाली असेल तरी यंदा सोडा, पुढच्या वर्षी पळा. मुंबई हेच ध्येय असेल तर ही शर्यत मध्ये आणू नका.

घाटकरी

नोंदणी सोडणं जिवावर येतं, पण उताराचा मुद्दा मान्य. मग सपाटी शोधायची कुठे? शहरात पोवई नाक्यापासून कुठल्याही दिशेला निघा, चढ नाहीतर उतार.

माहुली_संगम

पोवई नाक्यावरून पळत निघू नका. माहुलीच्या पुलापर्यंत उतार आहे आणि थकल्यावर परतीला तोच चढ लागतो. गाडी माहुलीला लावून कोरेगावच्या बाजूला जा, तुलनेने सपाट मिळतं. दुसरा पर्याय मेढा रस्ता, कोंडव्याच्या पुढे. १० किमीच्या आतलं सगळं शाहू स्टेडियमवर फेऱ्या मारून करा, मात्र दर १५ मिनिटांनी दिशा बदला. एकाच दिशेने वळत राहिल्याने आयटीबी (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारी पट्टी) धरते. रस्त्याच्या कडेच्या उतरत्या भागावर सतत पळाल्यानेही तेच होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा गळीत हंगाम सुरू होतो आणि तुमचे सगळे मोठे लाँग रन त्याच काळात येतात. पहाटे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, पुष्कळदा मागे दिवा नसलेल्या, बाहेर आलेला ऊस. समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून उजव्या बाजूने पळा, छातीवर आणि पाठीवर रिफ्लेक्टर, डोक्याला हेडलॅम्प. कानात काही घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वर घाटात धुकं असतं तेव्हा तिथे जाऊच नका, आणि कठड्याच्या बाजूला शेवाळ असतं ते वेगळंच.

कासपठार_७५

मधला टप्पा कोणी लिहिला नाही. सहाव्या आठवड्याअखेर आठवड्याचं एकूण १५ किमीच्या आसपास होतं. तिथून लाँग रन असा: दहाव्या आठवड्यात १२, चौदाव्यात १८, अठराव्यात २४, एकविसाव्यात २८, तेविसाव्यात ३०, पंचविसाव्यात ३२ किमी किंवा सव्वातीन तास, जे आधी येईल ते. दर चौथा आठवडा २५-३० टक्क्यांनी हलका. एकूण आठवडी अंतर शिखराला ५० ते ५५ किमी.

आता यातला दोष सांगतो. आठवड्यात ५० किमी पळणाऱ्याने एकाच दिवशी ३० केले तर साठ टक्के भार एका सकाळी आला. उरलेले तीन दिवस पाय ओढण्यात जातात. म्हणून २८ आणि ३० चे दोन लाँग रन फोडा: शनिवारी संध्याकाळी १०-१२ सावकाश, रविवारी पहाटे १८-२०. थकलेल्या पायांनी पळायचा सराव होतो आणि दुखापतीचा धोका कमी राहतो. ३२ चा मात्र एकदा सलग करा, खाण्यापिण्याची तालीम म्हणून.

वेगाचं काम बाराव्या आठवड्याच्या आधी नको. नंतर आठवड्यात एकच दिवस: २० मिनिटं टेम्पो, म्हणजे तीन-चार शब्दच बोलता येतील असा वेग, वाढवत ३५ पर्यंत. अठराव्यानंतर त्याऐवजी लाँग रनचे शेवटचे ६-१० किमी मॅरेथॉनच्या वेगाने.

साताऱ्याची_लेक

मुलींसाठी आणि बायकांसाठी थोडं. सुरुवातीलाच हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ व डी जीवनसत्त्व तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला असतं, आणि मग "इतके आठवडे झाले तरी दम येत नाही" ही तक्रार राहते. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तर चहाबरोबर किंवा चहाच्या तासाभरात घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. अंतर वाढवत असताना पाळी लांबली किंवा थांबली तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण आहे. ती सोय समजू नका. हाडं तिथूनच खराब व्हायला लागतात. तीन महिने पाळी नाही आणि नडगीत एका जागी दुखतंय, हे दोन्ही एकत्र आलं तर पळणं बंद आणि डॉक्टर.

पावसाळ्यात आणखी एक. डेंगी, टायफॉइड किंवा कसलाही मोठा ताप येऊन गेला असेल तर ताप उतरल्यावर लगेच पळू नका, हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. सकाळची नाडी नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत फक्त चालणं. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर ईसीजी काढल्याशिवाय परत सुरू करू नये. चाळिशीच्या पुढे तर सुरुवातीलाच तपासून घ्या.

घाटकरी

ताई, फेरिटिनचं पुरुषांनाही लागू आहे, विशेषतः शाकाहारी असतील तर. आणि खाण्याचं कोणीतरी नीट लिहा. घरात कंदी पेढे असतात, लाँग रनला खिशात तेच घालणारे लोक आहेत.

कासपठार_७५

पेढा शर्यत संपल्यावर. त्यात खवा आहे, स्निग्धांश पोटात बसतो आणि पळताना मळमळतं. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. एका जेलमध्ये (पळताना खायचा, पुडीतला गोड लगदा) साधारण २२-२५ ग्रॅम, मध्यम केळ्यात २५, दोन लहान खजुरांत १५ च्या जवळपास. राजगिऱ्याची चिक्की चांगली, पण ३० किमीनंतर कोरड्या तोंडात ती चावली जात नाही. पहिलं जेल ४० मिनिटांनी, मग दर ३५ मिनिटांनी, भूक लागायची वाट न पाहता. साडेचार तासांना ७ जेल होतात. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या, गोड पेयाबरोबर घेतलं तर पोटात गच्च होतं. किमान ५-६ लाँग रनमध्ये तेच जेल वापरलेलं असावं.

शर्यतीआधीच्या शुक्रवार-शनिवारचं खाणं: वजनाच्या दर किलोला ८ ग्रॅम कार्बोहायड्रेट. ६५ किलोच्या माणसाला ५२० ग्रॅम. ताटात मांडलं तर दिवसभरात शिजलेला भात ६०० ग्रॅम, पोळ्या ६, केळी ३, पोह्यांची एक बशी, उकडलेला बटाटा २०० ग्रॅम, ३० ग्रॅम गूळ आणि ५० ग्रॅम साखर घातलेलं सरबत. तेवढ्यात आकडा गाठला जातो. या दोन दिवसांत भाकरी, उसळ, कोशिंबीर, मटकी बाजूला ठेवा, कारण चोथा नको आहे. तिखट रस्साही नको. शनिवारचं मोठं जेवण दुपारी, रात्री हलकं आणि ७ च्या आत.

पोटरी_टाच

ओआरएसबद्दल लिहितो, कारण चूक जवळजवळ सगळे करतात. २०-२१ ग्रॅमचं पाकीट १ लिटर पाण्यासाठी आहे. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की दुप्पट दाट होतं आणि मळमळतं. शिवाय लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते मिठासाठी आहे, ताकदीसाठी नाही. जेलची जागा ते घेत नाही.

किती प्यायचं ते घामावर ठरवा. १ तास पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ८०० ग्रॅम घटलं आणि मधे २०० मिली प्यायलात तर तासाला १ लिटर घाम. सगळा भरून काढायचा नाही, तहानेप्रमाणे तासाला ४०० ते ७०० मिली पुष्कळांना पुरतं. प्रत्येक टेबलावर पाणी ढोसणाऱ्याचं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, उलटी, बोटं सुजणं, भ्रम ही त्याची लक्षणं, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजणं धोक्याचं.

शर्यतीआधी किंवा मधे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी अजिबात घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर जाते.

माहुली_संगम

हवेचा मुद्दा राहिला, आणि साताऱ्याहून जाणाऱ्यांना सगळ्यात जास्त तोच नडतो. जानेवारीत आपल्याकडे पहाटे १२-१४ अंश, कोरडी हवा. मुंबईत पहाटेच १८-२० आणि दमट, नऊच्या पुढे उन्हाचा चटका. साडेचार-पाच तासवाल्यांचे शेवटचे १०-१२ किमी त्या उन्हात होतात. साताऱ्यात थंडीत ज्या वेगाने ३२ किमी सहज झाले तोच वेग मुंबईत धरला की ३० नंतर माणूस चालायला लागतो.

शरीराला उष्णतेची सवय १० ते १४ दिवसांत लागते आणि सोडली की आठवडाभरात उतरायला लागते. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांतले सावकाश रन दुपारी १२ ते १ मध्ये, ४० ते ५० मिनिटं, आठवड्यात तीनदा. दुपारी नोकरीमुळे जमत नसेल तर संध्याकाळी पळून आल्यावर ४० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात २०-३० मिनिटं बसा, टब नसेल तर जाड जॅकेट घालून पळा. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हे करू नये. तरीही मुंबईसाठी वेग किलोमीटरमागे १० ते १५ सेकंद सैल धरा.

साताऱ्याची_लेक

वेग ठरवायचा कसा? सातारा हिलच्या जुन्या वेळेवरून बांधता येतो का?

कासपठार_७५

नाही ताई. चढ-उताराच्या वेळेवरून सपाटीचा अंदाज बांधला की चुकतो. नोव्हेंबरअखेर पुण्यातली एखादी सपाट हाफ पळा. तिची वेळ २.०८५ ने गुणली की कागदावरची फुलची वेळ मिळते, पण ती आठवड्यात ८० किमी पळणाऱ्यांना लागू पडते. ५० किमीवाल्यांनी त्यात १०-१५ मिनिटं घाला. २ तासांची हाफ असेल तर कागदावर ४:१०, खरं लक्ष्य ४:२०, म्हणजे किलोमीटरला ६:१०. मुंबईची हवा धरून ६:२० ने सुरुवात करा, पहिले ५ किमी ६:३० ने. मनगटावरच्या नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नका. थंडीत आणि घट्ट पट्टा नसेल तर घड्याळ नाडीऐवजी पावलं मोजून १७०-१८० दाखवतं.

घाटकरी

बुटांचं मी भरतो. ५०० ते ८०० किमी झालेला बूट मुंबईला नको, आणि नवा कोराही नको. शर्यतीच्या बुटात ५० ते ८० किमी झालेले असावेत, त्यात एक २५ च्या पुढचा रन. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाइतकी जागा, कारण पाय सुजतो. पावसात भिजलेला बूट गॅसजवळ किंवा उन्हात वाळवू नका, तळाचा फोम कडक होतो. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. मांड्या, काखा, स्तनाग्रं आणि बोटांमधे पेट्रोलियम जेली.

शेवटचे तीन आठवडे अंतर शिखराच्या ७५, ५५ आणि ३५ टक्के, पण थोडा वेग चालू ठेवा, नाहीतर पाय जड पडतात. त्या काळात इकडे तिकडे काहीतरी दुखल्यासारखं वाटतं, त्याने घाबरून नवा व्यायाम सुरू करू नका.

अजिंक्यतारा_पायथा

सगळं पहिल्या पोस्टखाली जोडतो. जाण्याबद्दल एवढंच: बिब (छातीवर लावायचा क्रमांक) शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, एक्स्पोतून, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनातून, आधीच घ्यावा लागतो. म्हणून गुरुवारी निघा. कोयना आणि महालक्ष्मी दोन्ही थेट सीएसएमटीला जातात आणि फुलची सुरुवात तिथेच आहे. त्या भागात मुक्काम मिळाला तर शर्यतीच्या पहाटेची धावपळ वाचते. शुक्रवारी बिब घेतला की शनिवारी एक्स्पोत उभं राहायचं नाही. सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास असते, म्हणजे नाश्ता अडीच-तीनला: दोन केळी, ब्रेडच्या तीन स्लाइसवर मध किंवा जॅम, ४०० मिली पाणी. त्यानंतर घोट घोटच.

पोटरी_टाच, शर्यतीनंतर पळणं किती दिवसांनी सुरू करायचं तेही लिहाल का?

पोटरी_टाच

पहिले ७ दिवस पळणं नाही. तिसऱ्या दिवसापासून २०-३० मिनिटं चालणं, चालेल तर पोहणं. जिना न धरता उतरता आला आणि एका पायावर टाच २० वेळा उचलता आली की आठव्या दिवशी २० मिनिटं सावकाश, सपाटीवर. चौथ्या आठवड्यापर्यंत टेम्पो नाही, घाटातला उतार सहाव्या आठवड्यानंतर.